उजेडात बांधलेलं घर

नव्या राजाला राहायला घर हवं होतं, म्हणून आमची माणसं अथेन्सला आली.

राजा परदेशातून आणलेला, कोवळा पोरगा. त्याच्याबरोबर आलेल्या शहाण्या लोकांनी कागदावर राजवाडा काढला. पण कागदावरची भिंत उभी राहायला दगड लागतो, आणि दगडाला हात लागतो. आमच्या अनाफी बेटावर दुसरं होतं काय? वारा, खडक आणि गवंडी. तेव्हा होड्या भरभरून माणसं निघाली. त्यातल्याच एका होडीत अनेझिना होती, बापाच्या हत्यारांच्या पेटीवर बसलेली, हिरवी-पिवळी पडलेली. बंदरावर उतरल्या उतरल्या तिने बापाला सांगितलं, "बाबा, मी परत कधी होडीत पाय ठेवणार नाही."

बाप हसला. लहान पोर बोलतं, विसरतं. पण ही बाई बोललेलं विसरणाऱ्यातली नव्हती.

तेव्हाचं अथेन्स म्हणजे लढाईत पडलेली घरं, त्या घरांतून चरणाऱ्या शेळ्या आणि मधोमध गडाचा खडक. राजधानी म्हणायला जीभ अडखळायची. राजवाड्याचं काम चालू होतं तिथे मात्र जत्रा. पेंडेलीच्या डोंगरातून संगमरवर यायचा, बैलांच्या माना मोडायच्या, चुन्याच्या खड्ड्यांतून वाफा निघायच्या. अनेझिना तिथे पाणी वाहायची. आई नव्हती तिला, बापाच्या डोळ्यांसमोर असलेली बरी, म्हणून तो तिला रोज घेऊन जायचा. त्या चुन्याने तिच्या पावलांची कातडी सोलवटून निघाली. म्हातारपणी आमच्या चर्चमध्ये गुडघे टेकून बसली की मागून तिच्या टाचा दिसायच्या, जुन्या चामड्यासारख्या. माझी आई मला हळूच म्हणायची, "बघ, राजवाडा तिथे आहे."

राजवाडा झाला तेव्हा शहरातल्या पुष्कळांनी नाकं मुरडली. हे काय, धान्याची पेटी आहे की सैनिकांची बराक, असं लोक म्हणायचे. अनेझिनासमोर म्हणायची सोय नव्हती. "रूप नसेल त्याला," ती म्हणायची, "पण एक भिंत ओळंब्याबाहेर दाखवा. दक्षिणेकडची तर माझ्या बापाची आहे." पुढे तो राजा देशाबाहेर गेला, दुसरा आला, त्याचाही मुलगा गादीवर बसला, पण ती भिंत तशीच आहे. अनेझिना म्हणायची, राजे भाडेकरू आहेत, घर बांधणाऱ्यांचं असतं.

हे ती पुढे म्हणायला लागली. त्याआधी तिला स्वतःला राहायला घर नव्हतं, त्याची ही गोष्ट आहे.

बाप गेला आणि तिचं लग्न झालं निकितासशी. तोही आमच्याच बेटाचा, गवंडी, हाताचा चांगला, बोलायला कमी. राणीच्या बागेची कुंपणं बांधायच्या कामावर होता. राणीला बागेचं वेड. कुठून कुठून झाडं आणवायची आणि शहराचं निम्मं पाणी त्या झाडांना जायचं. आमच्या बायका नळावर घागरी घेऊन तास तास उभ्या राहायच्या. कुणी चिडलं की अनेझिना म्हणायची, "उगी गं, राणीची लिंबं आपल्यापेक्षा नाजूक आहेत."

दोघं राहायची प्लाका वस्तीत, पांतेलिस नावाच्या तेलवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत. खोली म्हणजे पूर्वी तिथे खेचर बांधायचे. भिंतीला कायम ओल. पहिलं बाळ त्या ओलीतच गेलं, छातीत कफ होऊन. त्याबद्दल अनेझिना बोलत नसे. फक्त रविवारी एक मेणबत्ती जास्तीची लावायची.

दुसऱ्यांदा दिवस गेले आणि पोट दिसायला लागलं तेव्हा पांतेलिस दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "अनेझिना, मागच्या वेळचं बाळ रात्रभर खोकायचं, गिऱ्हाईक विचारायचं काय आजार आहे म्हणून. संत जॉर्जच्या सणापर्यंत राहा. मग मला खोली लागेल."

"कशाला लागेल?"

"नवं खेचर घेतलंय."

आमच्याकडे भाडेकरूची मुदत संत जॉर्जच्या नाहीतर संत दिमित्रीच्या दिवशी, म्हणजे एप्रिलात नाहीतर ऑक्टोबरात, संपते, त्यामुळे त्यात बोलायला जागा नव्हती. निकितासला तर सुटल्यासारखं झालं. त्याच्या आईचं बेटावर घर होतं. तो म्हणाला, "चल, परत जाऊ. आई आहे, शेळी आहे. तिथे बाळंत हो."

"मी होडीत बसणार नाही."

"अगं, लहानपणी बोललीस ते. अजून काय धरून बसलीस."

"होडीचं सोड. माझ्या बापाने इथे राजाचं घर बांधलं, तू राणीचं कुंपण बांधतोस, आणि मी बाळंत व्हायला समुद्र ओलांडून जाऊ? माझं पोर इथेच होणार, आणि खेचराच्या खोलीत होणार नाही."

"मग कुठे होणार?"

"खडकावर. बाकीच्यांची झाली तिथे."

आता खडकाचं सांगते. गडाच्या उत्तरेच्या उतारावर, अगदी खडकाला चिकटून, आमच्या बेटाच्या लोकांनी घरं बांधली होती. बेटावर असतात तशीच, चौकोनी, पांढरी, वर मातीचं माळवद, मधून एका माणसाला जाता येईल एवढी वाट. सरकारचा तिथे बांधायला सक्त मनाई हुकूम होता. वर गडावर जुन्या देवळांचे दगड, ते सांभाळायचे, म्हणून पायथ्याला कुणी थापी लावायची नाही. पण एक जुनी रीत तुर्कांच्या काळापासून चालत आलेली. घरावर छप्पर पडलं आणि चुलीतून धूर निघाला की ते घर झालं. मग ते शिपायाने पाडायचं नाही, वरून खास हुकूम आणावा लागायचा, आणि तो आणायच्या भानगडीत कुणी पडत नसे. त्याआधी सापडलं तर मात्र लाथ मारून पाडायला मोकळे. म्हणून आमची माणसं रात्रीत घर उभं करायची. सगळी गल्ली हात लावायची आणि उजाडायच्या आत धूर.

अनेझिनाचं घरही असंच जानेवारीत बांधायला घेतलं होतं. माझी आई मारूसो, तिच्या घराच्या शेजारची जागा. मागे खडक, एका बाजूला आमची भिंत, म्हणजे दोनच भिंती बांधायच्या. सोपं काम. पण मध्येच पाऊस कोसळला, माती वाहून गेली, आणि उजाडलं तेव्हा तुळया उघड्याच होत्या. हवालदार स्ताथिस आला आणि भिंती पाडल्या. स्वतः पाडल्या. आणि वर निकितासला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको रे. भिंत चांगली होती, माझा पाय दुखला."

हा स्ताथिस उत्तरेच्या डोंगराकडचा. जाडजूड, मिशा मेण लावून वर वळवलेल्या. माणूस दुष्ट नव्हता, पण हुकूम म्हणजे हुकूम. त्या दिवसापासून तो रोज रात्री घोंगडी पांघरून आमच्या वाटेच्या तोंडाशी एका धोंड्यावर बसायला लागला. माझी आई म्हणायची, बाकी काही नाही, पण त्या वर्षी आमच्या एकाही कोंबडीला कोल्ह्याने हात लावला नाही.

मार्च उजाडला. अनेझिनाला आठवा महिना. एके दिवशी नळावर घागर ठेवता ठेवता ती म्हणाली, "रात्री जमत नाही तर दिवसा बांधू."

"हो तर," आई म्हणाली, "आणि हवालदाराला ओळंबा धरायला सांगू."

"तो नसेल तेव्हा बांधू."

"तो कधी नसतो? माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त वेळ तो माझ्या दारासमोर असतो."

"निरोपाच्या सणाला नसतो," अनेझिना म्हणाली.

निरोपाचा सण म्हणजे देवदूताने मारियेला येऊन सांगितलं की तुला पुत्र होणार, तो दिवस. आणि त्याच दिवशी आमच्या देशाने तुर्कांविरुद्ध शस्त्र उचललं म्हणून सरकारी सोहळाही असतो. राजा-राणी राजवाड्यातून निघून मोठ्या चर्चला जातात, तोफा वाजतात, आणि शहरातला झाडून सगळा शिपाई बटणं घासून रस्त्याच्या दुतर्फा उभा असतो. आमच्या वाटेवर माशीसुद्धा पहाऱ्याला नसते, कारण सगळ्यांना माहीत आहे की त्या दिवशी बेटाचा माणूस कामाला हात लावत नाही. आमच्या बायका त्या दिवशी सुईत दोरा ओवत नाहीत.

"अगं बाई, पाप आहे," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तर तो येणार नाही," अनेझिना म्हणाली, आणि घागर उचलून चालायला लागली.

ती थेट गेली लेफ्तेरी पाद्रीबाबांकडे. बाबा आमच्याच बेटाचे. अंगरखा वर खोचून वालाच्या वेलांना काठ्या लावत होते.

"बाबा, निरोपाच्या सणाला काम केलं तर पाप लागतं का?"

"लागतं."

"कुणाला?"

"करणाऱ्याला."

"आणि करवून घेणारीला?"

"तिला दुप्पट. काय बेत आहे तुझा?"

तिने सांगितलं. बाबा काठी जमिनीत खुपसत राहिले. मग अनेझिनाच बोलली. "बाबा, त्या दिवशी देवदूत एका पोरीकडे आला, तुला मूल होणार म्हणाला. बरोबर?"

"हे काय विचारणं झालं."

"मग तिचे दिवस भरले तेव्हा तिला जागा मिळाली का?"

बाबांचा हात थांबला.

"दारोदार गेली असेल ती," अनेझिना म्हणाली. "कुणीतरी म्हणालंच असेल ना तिला, की बाई, आज नको, आज आमच्याकडे सण आहे."

बाबांनी काठी बाजूला ठेवली. शेवटी म्हणाले, "सकाळची प्रार्थना कुणी चुकवायची नाही. प्रार्थना झाली की मी येतो आणि पायाला पाणी शिंपडतो. पहिला दगडही मीच ठेवतो. पाप असेल तर माझ्या डोक्यावर. डोकं देवाने चांगलं मोठं दिलंय."

मग तयारी सुरू झाली, आणि ती सगळी स्ताथिसच्या डोळ्यांदेखत. दगड घडवून घडवून आमच्या कोंबड्यांभोवती कुंपण म्हणून रचले. दाराची चौकट खुराड्याला लावली, त्यामुळे कोंबड्या राणीच्या थाटात आत-बाहेर करायच्या. माळवदाच्या तुळया म्हणजे राजवाड्याच्या जुन्या परांच्यांचे वासे. ते अंगणाअंगणांत रोवून त्यांना दोऱ्या बांधल्या आणि धुणी वाळत घातली. स्ताथिस एकदा आईला म्हणाला, "तुम्ही बेटाचे लोक फार स्वच्छ हो."

"चुन्याचं काम ना, हवालदार," आई म्हणाली. "कपडे राहत नाहीत."

सणाचा दिवस उजाडला तो स्वच्छ. आदल्या रात्रीच अनेझिनाने खारवलेला मासा पाण्यात घालून ठेवला होता. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, पण या एका दिवशी मासा चालतो, आणि माशाबरोबर लसणाचा ठेचा नसेल तर तो सण नव्हे. प्रार्थनेला सगळी गल्ली हजर. बाबांनी त्या दिवशी प्रार्थना जरा भरभर म्हटली, असं काहीजण म्हणतात. मला ते खरं वाटत नाही.

सगळे चर्चमधून बाहेर पडले आणि शहरातल्या घंटा एकदम सुरू झाल्या. बाबांनी पाणी शिंपडलं, दगड ठेवला, छातीवर क्रूस काढला आणि बाजूला झाले. मग जे काम सुटलं ते काय विचारता. म्हातारे याकूमी काका, ज्यांनी राजवाड्याच्या कमानी बसवल्या होत्या, त्यांना खुर्चीसकट उचलून वाटेत आणून ठेवलं. ते काठीने दाखवायचे, "तो दगड नको, त्याचा भाऊ दे." बायका पाय धुऊन माती तुडवत होत्या. माझी आई त्यांत पुढे, घागरा गुडघ्याशी खोचलेला. तिकडे तोफ धडाडली की इकडे चार हातोडे एकदम पडायचे. घंटांच्या आवाजात आमची छिन्नी कुणाला ऐकू जाणार? सगळं शहर राजासाठी वाजत होतं आणि त्या आवाजाखाली अनेझिनाचं घर उभं राहत होतं.

निकितास भिंतीवर चढला तो खाली उतरलाच नाही. हात पुढे करायचा, दगड घ्यायचा, बसवायचा. जानेवारीत पडलेल्या भिंतीपेक्षा ही जाड घेतली होती त्याने.

भिंती झाल्या. खुराड्याची चौकट उंबऱ्यावर बसली. धुणी फेकून वासे उपटले आणि तुळया चढल्या. तुळयांवर बोरूच्या काड्यांचा थर, त्यावर समुद्रातलं वाळलेलं शेवाळ, त्यावर माती, आणि मग दगडाच्या रुळाने दाबायचं. असा क्रम. काड्यांचा थर निम्म्यावर आला होता, तेवढ्यात आई आमच्या माळवदावरून म्हणाली, "आला."

"कोण आला?"

"कोण म्हणजे. मिशा दिसतायत."

झालं होतं असं, की राजा राजवाड्यात शिरला आणि शिपायांना सुट्टी मिळाली. स्ताथिसच्या पायांत नवे बूट, ते चावत होते. पहाटेपासून अन्नाचा कण नाही, पोटात कावळे ओरडत होते. ठाण्याचा जवळचा रस्ता आमच्या वाटेखालून जातो. खालून त्याला कोंबड्यांचं कुंपण दिसलं नाही, म्हणून तो वर आला.

हातोडे थांबले. घराचं निम्मं माळवद उघडं, चूल थंड. अनेझिनाने कुणाकडे पाहिलं नाही. आत गेली, चुलीत काटक्या सरकवल्या, पेटवल्या, वर कढई ठेवली. धुराड्याचं मडकं अजून वर बसलेलं नव्हतं, तरी धूर निघाला, जिथून वाट मिळेल तिथून निघाला. तेल तापलं, माशाचा पहिला तुकडा कढईत पडला आणि ती दारात येऊन उभी राहिली, एक हात पोटावर, एका हातात झारा.

स्ताथिस लंगडत वर आला. "काय चाललंय हे?"

"मासे तळतेय," ती म्हणाली. "सण आहे ना."

"हे घर सकाळी इथे नव्हतं."

"सकाळी तुम्हीही इथे नव्हता, हवालदार."

"मला शब्दांत पकडू नको. आज निरोपाचा सण आणि तुम्ही काम करता? देवाला तरी भ्या. पाद्रीबाबा, तुम्ही इथे असून?"

बाबा म्हणाले, "मी पाणी शिंपडायला आलो होतो."

स्ताथिसने मान वर करून माळवदाकडे बघितलं. काड्या जिथे संपत होत्या तिथून पुढे आभाळ होतं. "अर्धं आहे," तो म्हणाला. "अर्धं म्हणजे घर नव्हे. तुम्हाला रीत माहीत आहे, मलाही माहीत आहे. खाली उतरा सगळे."

निकितास भिंतीवरून उडी मारून खाली आला. हातोडा हातातच होता. माझी आई म्हणायची, तेव्हा वाटलं की आता काहीतरी भलतं होणार. अनेझिनाने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं, तो जागच्या जागी थांबला. मग ती हवालदाराला म्हणाली, "पाडायचं तर पाडा. तुमचा हुकूम आहे. पण सणाच्या दिवशी माझ्या दारातून माणूस उपाशी गेला असं नको. पहाटेपासून उभे असाल. चार तुकडे खा, बूट काढा, मग करा काय करायचं ते."

तिला फक्त वेळ काढायचा होता, असं ती शेवटपर्यंत सांगायची. तो बसला की वरची माणसं हळूच काड्या पसरतील, एवढंच. पुढचं तिने योजलेलं नव्हतं. ते कुणी योजलं ते मी लिहायला नको.

आतून लसणाचा वास येत होता. स्ताथिसने मिशीवरून हात फिरवला, इकडेतिकडे बघितलं, टोपी काढली. दार ठेंगणं, म्हणून मान वाकवली. उजवा पाय उचलून उंबऱ्याच्या आत ठेवला आणि म्हणाला, "घराला मुळं धरू देत."



आमच्याकडे नव्या घरात पहिल्यांदा जाणारा माणूस उजवं पाऊल आत टाकतो आणि हाच आशीर्वाद देतो. आई-बापांनी बोट धरून शिकवलेलं असतं. नवं दार, वाकवलेली मान, समोर चुलीजवळ घरची बाई, की तोंडातून ते आपसूक निघतं. हवालदार असो की राजा असो.

बाबांनी क्रूस काढला आणि म्हणाले, "आमेन."

"आमेन," सगळी गल्ली म्हणाली, आणि याकूमी काका खुर्चीतून सगळ्यांत मोठ्याने.

स्ताथिस एक पाय आत, एक पाय बाहेर, तसाच उभा. आपण काय बोललो ते त्याच्या कानांत आता पोचलं होतं. मान लाल झाली. "ते तसं नव्हतं," तो म्हणाला. "सवयीने आलं तोंडात. मी ते मागे घेतो."

"आशीर्वाद?" बाबा म्हणाले. "मागे घेतात? इतकी वर्षं मी पाद्री आहे, मी तरी नाही ऐकलं."

"पोटुशीच्या घराला दिलेला," माझी आई म्हणाली.

"निरोपाच्या दिवशी," आणखी कुणीतरी म्हणालं.

"तुमची आई आहे ना हो गावी?" याकूमी काकांनी विचारलं. "तिला काय सांगाल? मुळं धरू देत म्हणालो आणि दुसऱ्या पायाने भिंत पाडली?"

स्ताथिसने दुसरा पायही आत घेतला. "ती मला घरात घेणार नाही," तो म्हणाला, आणि चुलीजवळच्या उलट्या टोपलीवर बसला. "आण काय आणतेस ते."

अनेझिनाने ताट वाढलं. त्याने बूट काढले. आणि निकितासने पुन्हा वर चढून काड्यांची मोळी सोडली. हवालदार खाली जेवतोय आणि त्याच्या डोक्यावर माळवद चढतंय, असं दृश्य अथेन्समध्ये ना त्याआधी कुणी पाहिलं ना नंतर. मध्येच मातीचं ढेकूळ ठेच्यात पडलं.

"वरून माती पडतेय," तो म्हणाला.

"नवीन घर आहे, हवालदार. थोडं पडणारच."

"नवीन. हो, ते दिसतंय." त्याने ढेकूळ बोटाने बाजूला केलं. "ठेचा अजून आहे का?"

तो निवांत जेवला. मला वाटतं मुद्दामच निवांत जेवला. बाहेर आला तेव्हा वर दगडाचा रूळ फिरत होता आणि धुराड्याचं मडकं जागेवर बसून त्यातून सरळ धूर निघत होता. त्याने हातात बूट घेऊन ते सगळं एकदा नीट बघितलं.

"मी ठाण्यात काय सांगू?"

"पाहिलंत ते सांगा," अनेझिना म्हणाली. "आत चूल पेटलेली आहे, वर माळवद आहे."

"ते खरंच पाहिलंय मी," स्ताथिस म्हणाला. "जेवूनसुद्धा बघितलंय." आणि अनवाणीच खाली उतरायला लागला.

तो वळणाआड गेला आणि मग जे हसणं सुटलं, तसं आमच्या भिंतींनी पुन्हा कधी ऐकलं नसेल. याकूमी काका खुर्चीत रडत होते. बाबांनी अंगरखा वर खोचला आणि बायकांबरोबर फेर धरला, उपासाचे दिवस असूनही. बाहेरचं कुणी बघत नव्हतं.

संध्याकाळी निकितास माळवदावर बसला होता, पाय खाली सोडून. तिथून राजवाडा समोर दिसतो. सणाचे दिवे लावलेले, खिडक्या पिवळ्या. अनेझिना शिडीवरून हळूहळू वर गेली.

"पडशील," तो म्हणाला.

"तू बांधलंयस. कशी पडेन?"

थोड्या वेळाने तो म्हणाला, "राजाच्या घरापेक्षा आपलं उंचावर आहे."

"मग त्याला सांग, बघायचं असेल तर मान वर करून बघ."

बेटावर परत जायचं त्याने त्यानंतर काढलं नाही. ईस्टरनंतर त्याने आईलाच निरोप धाडला, शेळी विक आणि ये.

मुलगी झाली, संत जॉर्जच्या सणाच्या थोडी आधी, त्याच चुलीजवळ. सुईण माझी आई. नाव त्या सणावरूनच ठेवलं, इवान्गेलिया. आवाज असा की खाली प्लाकापर्यंत जायचा. कफ नाही, खोकला नाही. भिंती ठणठणीत कोरड्या.

बाळंतिणीने चाळीस दिवस बाहेर पडू नये अशी आमच्याकडची रीत, आणि अनेझिना रीत मोडणाऱ्यातली नव्हती. म्हणून संत जॉर्जच्या दिवशी तिने पांतेलिसलाच बोलावणं पाठवलं, की किल्ली घ्यायला ये. तो धापा टाकत चढून आला. दारात थबकला. खडक बघितला, भिंती बघितल्या, वरचं धुराडं बघितलं.

"म्हणजे इथे," तो म्हणाला.

"इथे," अनेझिना म्हणाली. पोर तिच्या मांडीवर दूध पीत होतं. "किल्ली तिथे खिळ्याला आहे. आत येऊन घे."

तेलवाला क्षणभर घुटमळला. आमच्या वाटेवरच्या सगळ्या दारांत बायका येऊन उभ्या होत्या. त्याने टोपी काढली, मान वाकवली, उजवा पाय उचलला.

"मोठ्याने म्हण, पांतेलिस," माझी आई म्हणाली. "म्हाताऱ्या याकूमीला ऐकू कमी येतं."